वज्र गिळणारी तार

मराठीत आकाशातून पडते तीही वीज आणि घरात दिव्याच्या रूपाने येते तीही वीजच. क्रियापदे मात्र आपण काटेकोरपणे वेगळी ठेवली आहेत. आकाशातली वीज चमकते, कडाडते, पडते. तारेतली वीज येते आणि जाते. एक अनाहूत आणि दुसरी प्रतीक्षेची, असा हा भेद असला तरी संज्ञा एकच राहिली, आणि त्यात भाषेने नकळत एक ऐतिहासिक सत्य जपले आहे. तारेतल्या विजेपासून आपले रक्षण करणारे जे पहिले साधन, ते मुळात आकाशातल्या विजेसाठी सुचवले गेले होते. प्रस्तुत लेखात त्या साधनाचा, म्हणजे फ्यूजचा, आणि त्याच्यामागून आलेल्या ट्रिप होणाऱ्या स्विचचा इतिहास पाहायचा आहे. निमित्त आहे भिवंडी तालुक्यातील वज्रेश्वरी ह्या गावाचे.

हे निमित्त केवळ नामसाधर्म्याचे नाही. तानसा नदीच्या परिसरातील, अकलोली-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांशेजारचे हे देवस्थान वज्राबाईचे म्हणून ओळखले जाते. देवीच्या नावाची जी कथा सांगितली जाते ती अशी: वसिष्ठ ऋषींच्या यज्ञात इंद्राला आहुती मिळाली नाही, म्हणून क्रुद्ध झालेल्या इंद्राने यज्ञभूमीवर वज्र फेकले. ऋषींच्या आणि रामाच्या प्रार्थनेने देवी प्रकट झाली आणि तिने ते वज्र गिळून टाकले. पुढे रामाने विनंती केल्यावरून ती ह्याच प्रदेशात राहिली. कथेचे अन्य पाठही आहेत. कालिकल किंवा कालिकुट राक्षसाच्या वधाशी जोडलेले पाठ प्रसिद्धच आहेत. पण वर सांगितलेल्या पाठातील कृती विलक्षण आहे. देवी वज्राला प्रतिवज्राने उत्तर देत नाही. ती ते अडवत नाही, परतवत नाही. ते स्वतःत घेते आणि त्याचा प्रवास तिथेच संपवते. फ्यूजची तार नेमके हेच करते, हे लेखाच्या ओघात स्पष्ट होईल.

ह्या स्थळाचा लिखित इतिहास आपल्याला १७३९ सालाकडे नेतो. पोर्तुगिजांच्या ताब्यातील वसईच्या किल्ल्याला वेढा घालून बसलेल्या चिमाजी अप्पांनी, किल्ला हाती आला तर देवीचे मंदिर बांधीन, असा नवस केला होता अशी परंपरा आहे. देवीचे मूळ स्थान उत्तरेकडील गुंज येथे होते आणि पोर्तुगिजांनी ते उद्ध्वस्त केल्यावर देवी वडवली येथे, म्हणजे आजच्या वज्रेश्वरीत आली, असेही सांगतात. मे १७३९ मध्ये वसई शरण आली. आज दिसणारी मंदिराची दगडी तटबंदी, पायऱ्या आणि नगारखाना पाहताना आपण किल्ल्यात शिरत आहोत असा भास होतो, तो ह्या युद्धस्मृतीमुळेच.

वसईचा तट पडला तो सुरुंगांनी. मराठ्यांनी बुरुजांखाली सुरुंग खणले, त्यांत दारू ठासली आणि वातीला बत्ती दिली. काही सुरुंग वेळेवर उडाले. पण खिंडारात माणसे घुसल्यावर उशिराने उडालेल्या सुरुंगाने मराठ्यांचेच सैनिक दगावले, असे इतिहासकार नोंदवतात. सुरुंगाच्या ह्या वातीला इंग्रजीत फ्यूज म्हणतात. विजेच्या फ्यूजचे नावही तेच. परंतु भाषेच्या अभ्यासकाला येथे थांबावे लागते, कारण हे दोन शब्द दिसायला एक असले तरी त्यांची कुळे वेगळी आहेत. दारूच्या वातीचा फ्यूज आला तो चातीसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून, इटालियनमार्गे; दारू भरलेली ती निमुळती नळी सूत कातायच्या चातीसारखी दिसे. विजेचा फ्यूज आला तो वितळणे, ओतणे ह्या अर्थाच्या लॅटिन धातूवरून. एकाच तालुक्याच्या इतिहासात ह्या दोन्ही शब्दांनी घर करावे, आणि तो तालुका पुढे मागांचा आणि सुताचा व्हावा, हा योगायोग दुर्लक्षिण्यासारखा नाही. एक फ्यूज स्फोट घडवण्यासाठी जळतो. दुसरा स्फोट होऊ नये म्हणून.

ह्या दुसऱ्या फ्यूजची कथा सुरू होते ती तारायंत्रापासून. १८४० च्या दशकात युरोप-अमेरिकेत तारायंत्राच्या तारा खांबांवरून मैलोन्मैल धावू लागल्या. ह्या तारा म्हणजे आकाशातल्या विजेला घरात यायला दिलेली वाटच होती. दूर कुठे तरी तारेवर वीज पडली की ती तारेच्या आधाराने तारघरात शिरे, यंत्रे जाळी आणि यंत्रावर बसलेल्या माणसाच्या जिवावर उठे. पॅरिसमधील प्रसिद्ध घड्याळजी घराण्यातील लुई ब्रेगे ह्याने १८४७ साली ह्यावर एक साधा उपाय सुचवला: तारघरात शिरण्यापूर्वी मुख्य तारेच्या मध्ये अगदी बारीक तारेचा एक तुकडा घालावा. वीज आलीच तर तो तुकडा आधी वितळेल, वाट तुटेल आणि आतील यंत्रे वाचतील. बेंजामिन फ्रँकलिनच्या विद्युतवाहकाने विजेला जमिनीकडे जाणारी मोकळी वाट दिली होती. ब्रेगेने वाट मोडण्याची युक्ती दिली.

बारीक तार आधी का वितळते, ह्याचे उत्तर इंग्लंडमधील जूलने काही वर्षे अगोदर, १८४० च्या सुमारास दिले होते. तारेतून वीज वाहताना उष्णता निर्माण होते, आणि ती विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. शिवाय तार जितकी बारीक तितका तिचा विरोध अधिक, म्हणून त्याच प्रवाहात ती अधिक तापते. भिंतीतली जाड तार नुसती कोमट झालेली असते तेव्हा फ्यूजची बारीक तार वितळण्याच्या बिंदूला पोहोचलेली असते. त्यासाठी धातूही विचारपूर्वक निवडावा लागतो. शुद्ध तांबे १०८५ अंश सेल्सिअसला वितळते, शिसे ३२७ ला आणि कथील २३२ ला. म्हणूनच फ्यूजसाठी कथील-शिशाची मिश्र तार किंवा कल्हई केलेली तांब्याची बारीक तार वापरात आली.

१८८० च्या सुमारास थॉमस एडिसनने घराघरांत दिवे नेण्याची योजना आखली तेव्हा तारघराचे हे रक्षण दिवाणखान्यात आले. १८७९ च्या एका पेटंट-अर्जात त्याने प्रवाह वाढताच आपोआप वाट तोडणाऱ्या स्विचचेही वर्णन केले होते. पण प्रत्यक्ष धंद्यात त्याने स्वस्त आणि सोपा फ्यूजच स्वीकारला. ह्याच दशकात ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता विल्यम प्रीस ह्याने कोणत्या जाडीची तार किती प्रवाहाला वितळेल ह्याचा नियम मांडला. त्या नियमानुसार तारेची जाडी दुप्पट केली की तिला वितळवण्यासाठी सुमारे २.८ पट प्रवाह लागतो. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे भिवंडीच्या संदर्भात तो कामास येणार आहे.

महाराष्ट्रात ह्या साधनाचे सर्वपरिचित रूप म्हणजे चिनी मातीचा पांढरा किटकॅट फ्यूज. त्याचा वरचा भाग हाताने ओढून काढता येतो आणि जळालेली तार बदलून पुन्हा बसवता येतो. १९१० च्या भारतीय विद्युत कायद्यानंतर वीजपुरवठ्याला कायद्याची चौकट मिळाली, आणि १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांनी वीज पुरवणाऱ्यावर असे बंधन घातले की ग्राहकाच्या जागेत येणाऱ्या प्रत्येक जिवंत तारेवर योग्य कट-आउट असावा आणि तो आग न लागणाऱ्या पेटीत असावा. न्यूट्रल तारेवर मात्र तो नसावा. ह्या शेवटच्या अटीचे कारण लक्षात घेण्यासारखे आहे. न्यूट्रलवरचा फ्यूज उडाला तर दिवा विझेल, घर निर्धोक झाल्यासारखे वाटेल. पण जिवंत तार जिवंतच राहील. दिसणारा अंधार आणि असणारी सुरक्षितता ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हे नियमकर्त्यांनी ओळखले होते.

परंतु समाजाने फ्यूजला कसे ओळखले? येथे पुन्हा भाषेकडे वळले पाहिजे. ‘फ्यूज उडाला’, ‘फ्यूज गेला’ ही वाक्ये आपण बिघाडाची बातमी म्हणून उच्चारतो. एखाद्याची मती गुंग झाली, तो भांबावला की ‘त्याचा फ्यूज उडाला’ असे म्हणतो. ह्या सर्व प्रयोगांत फ्यूजचे उडणे म्हणजे निकामी होणे, असाच अर्थ गृहीत आहे. वस्तुतः फ्यूज ज्या क्षणी उडतो तो त्याच्या आयुष्यातील एकमेव सार्थ क्षण असतो. त्यापूर्वीची सारी वर्षे तो केवळ वाट पाहत असतो. बिघाड अन्यत्र असतो: एखाद्या जुन्या वायरीचे कवच गळालेले असते, एखादी मोटर अडकलेली असते, एका सॉकेटवर तीन उपकरणांचा भार पडलेला असतो. फ्यूज फक्त त्याची खबर देतो, आणि खबर देताना स्वतः संपतो. आपल्या बोलीने खबर आणणाऱ्यालाच गुन्हेगार ठरवले.

ही भाषिक चूक निरुपद्रवी राहिली असती तर तिची एवढी चर्चा करण्याचे कारण नव्हते. पण ज्याला आपण दोषी समजतो त्याचा बंदोबस्तही करतो. फ्यूज वारंवार उडतो, म्हणजे तार ‘कच्ची’ आहे. मग जाड तार घाला, दोन पदर घाला, हाताशी असेल त्या तांब्याच्या वायरीचा तुकडा घाला. प्रीसचा नियम येथे आठवावा. जाडी दुप्पट होताच फ्यूजची सहनशक्ती जवळपास तिप्पट होते, आणि भिंतीतल्या तारेची मात्र आहे तेवढीच राहते. आता आधी वितळणार ती भिंतीतली तार. फ्यूज शाबूत आहे, दिवे लागलेले आहेत, कोणाची तक्रार नाही. आणि संरक्षण नाहीसे झालेले आहे.

भिवंडीचा विसाव्या शतकातील इतिहास ह्या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. हातमागांचे हे गाव त्या शतकाच्या पूर्वार्धात यंत्रमागाकडे वळले आणि पुढे लाखोंच्या संख्येने माग असलेले देशातील अग्रगण्य केंद्र झाले. साधा यंत्रमाग साधारण एका अश्वशक्तीच्या मोटरवर चालतो, म्हणजे पाऊण किलोवॅटच्या आसपास. पण अशी मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. एका छपराखाली चोवीस साचे असतील आणि वीज जाऊन परत आली, की सर्व मोटरी एकदम सुरू होऊ पाहतात. अशा ठिकाणी फ्यूज निवडणे हे शहाणपणाचे काम असते. तो क्षणिक झटका सोसेल, पण सततचा जादा भार सोसणार नाही, असा असावा लागतो. त्यात आकडे टाकून घेतलेल्या विजेची भर पडली. आकड्यावरचा भार कोणत्याच हिशेबात नसतो, म्हणून त्याच्यासाठी फ्यूजही कोणी मोजलेला नसतो.

परिणाम काय झाला? २६ जानेवारी २००७ रोजी भिवंडीतील वीजवितरणाचे काम महावितरणने टोरंट पॉवर ह्या खासगी कंपनीकडे फ्रँचायझी म्हणून सोपवले. देशातील असा हा पहिला प्रयोग. त्याआधीच्या परिस्थितीबद्दल जे अहवाल आहेत त्यांत विजेची निम्म्याहून अधिक गळती हा आकडा सर्वांना ठाऊक आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने दुसरा आकडा अधिक बोलका आहे: वर्षाला शंभरातील चाळीसच्या आसपास रोहित्रे जळत असत. रोहित्र म्हणजे आपण ज्याला सरसकट ‘डीपी’ म्हणतो त्या ठिकाणचा ट्रान्सफॉर्मर. जळण्याची कारणे अनेक असतात. जादा भार, निगा न राखलेले तेल, असंतुलित फेज. परंतु ह्या सर्व कारणांच्या आणि रोहित्राच्या मध्ये एक बारीक तार उभी असायला हवी होती.

येथे विद्युतशास्त्रातील एक तत्त्व समजून घेतले पाहिजे. घरातला फ्यूज, खांबावरचा फ्यूज, डीपीतला फ्यूज आणि त्याच्याही वर ११ हजार व्होल्टच्या बाजूचा ‘डीओ’, अशी ही उतरंड असते. डीओ उडाला की त्याची नळी बिजागरीवर खाली लोंबते आणि वायरमनला दुरूनच दिसते. ह्या उतरंडीत नियम असा, की दोषाच्या सर्वांत जवळचा फ्यूज आधी उडावा, म्हणजे एका घराच्या चुकीसाठी गल्ली अंधारात जाऊ नये. खालचा फ्यूज जाड केला की त्याचे काम वरच्याकडे जाते. तोही जाड केला की त्याच्या वरच्याकडे. साऱ्याच जाड केल्या, तर रोहित्राची वेटोळीच फ्यूज होतात. साखळीतील दुबळा दुवा काढून टाकता येत नाही, तो फक्त जागा बदलतो. आणि प्रत्येक स्थलांतरात त्याची किंमत वाढत जाते. काही रुपयांची तार जळायची ती वाचली आणि काही लाखांचे रोहित्र जळाले. त्याबरोबर शेकडो साचे थांबले, रोजावर काम करणाऱ्या विणकराचा खाडा झाला. भिवंडीच्या त्या आकड्यांचा माझा अर्थ हा आहे. फ्रँचायझीच्या काळात रोहित्रे जळण्याचे प्रमाण खूप खाली आले, हेही नोंदवले पाहिजे. मीटर, केबली आणि रोहित्रे बदलली गेली. त्या व्यवस्थेच्या गुणदोषांवर, विशेषतः बिलांवरून, पुष्कळ वादही झाले. तो स्वतंत्र विषय आहे.

फ्यूजमधील ह्या मानवी हस्तक्षेपाला उत्तर म्हणून ट्रिप स्विचकडे पाहता येते. जर्मनीतील मानहाइम येथील ह्यूगो श्टोट्झ ह्याचे नाव ह्या छोट्या स्विचच्या जन्माशी जोडले जाते, आणि १९२४ साली ब्राउन, बोव्हेरी कंपनीने त्याचे पेटंट घेतले. आपण ज्याला आज एमसीबी म्हणतो तो हाच. त्याच्या पोटात दोन राखणदार असतात. पहिला म्हणजे दोन धातूंची जोडपट्टी. दोन्ही धातू सारख्या उष्णतेने वेगवेगळे प्रसरण पावतात, म्हणून पट्टी तापली की वाकते आणि खटका सोडते. हा राखणदार सावकाश आहे, थोडा जादा भार तो काही काळ चालवून घेतो. दुसरा म्हणजे तारेचे वेटोळे. शॉर्टसर्किट होऊन प्रवाह एकदम अनेकपट झाला की वेटोळ्याचे चुंबकत्व वाढते आणि खटका क्षणार्धात ओढला जातो. तुटताना जी ठिणगी पडते तिचे धातूच्या पातळ पट्ट्यांच्या खोबणीत तुकडे करून ती विझवली जाते. मोटरींसाठी आणि साध्या दिव्यांसाठी वेगळ्या प्रकृतीचे एमसीबी मिळतात; घरगुती ‘बी’ प्रकार तीन ते पाच पट प्रवाहाला तत्काळ पडतो, तर ‘सी’ प्रकार पाच ते दहा पटीला.

फ्यूज आत्मसमर्पण करतो, ट्रिप स्विच नुसता पडतो आणि पुन्हा उठतो. त्यात जाड तार घालता येत नाही, हा त्याचा मोठा गुण. मात्र ‘एमसीबी पडतो’ म्हणून अधिक क्षमतेचा एमसीबी बसवून घेणारे आजही आहेत. उपकरण बदलले, व्याकरण तेच राहिले.

आणि अजून एक गैरसमज उरतोच: फ्यूज किंवा एमसीबी माणसाला वाचवतो. दोघेही वाचवतात ते तारेला. शंभर वॅटचा दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४३० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. माणसाच्या छातीतून ह्याच्या एक चतुर्थांश प्रवाह सेकंदभर गेला तरी हृदयाचे ठोके कायमचे बिघडू शकतात. पाच अँपिअरच्या फ्यूजच्या लेखी हा प्रवाह म्हणजे एका मंद दिव्याचीही मागणी नव्हे. त्याला त्याचा पत्ताही लागणार नाही. माणसासाठीचे साधन वेगळे आहे आणि ते उशिरा आले. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन आणि ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बीगेलमायर ह्यांनी त्यावर काम केले. हे साधन प्रवाह किती आहे ते पाहतच नाही; गेलेला आणि परतलेला प्रवाह सारखा आहे का, एवढेच पाहते. जमाखर्चात तफावत आली, म्हणजे काही प्रवाह तिसऱ्याच वाटेने, बहुधा कोणाच्या तरी देहातून, जमिनीत गेला. घरगुती उपकरणात ही तफावत ३० मिलिअँपिअर झाली की सेकंदाचा काही अंश होण्याच्या आत वाट तुटते. इन्शुरन्स असावा तसा तारेचा रक्षक १८४७ पासून विचारात होता; माणसाचा रक्षक यायला आणखी शंभरावर वर्षे जावी लागली. हा क्रम तंत्रज्ञानाच्या इतिहासाबरोबरच मूल्यांच्या इतिहासातही नोंदवण्याजोगा आहे.

ह्याच तालुक्यातील पडघ्याचे नाव १२ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वांच्या तोंडी झाले. त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसर अंधारात गेला, लोकलगाड्या जागीच थांबल्या. ज्या वाहिन्यांच्या बिघाडातून हे घडले त्यांत पडघा ते कळवा ही ४०० केव्हीची वाहिनी होती. एक वाहिनी बंद असताना तिचा भार दुसरीवर जातो आणि ती ट्रिप होते, की तिसरीवर. मुंबईला उर्वरित जाळ्यापासून वेगळे काढून जगवण्याची जी जुनी व्यवस्था होती, ती त्या दिवशी तग धरू शकली नाही. किटकॅट फ्यूजची उतरंड आणि महानगराची ही उतरंड तत्त्वतः एकच आहे. तुटायचे कुठे आणि तुटून वाचवायचे कोणाला, हे आधी ठरलेले असले पाहिजे. ठरवले नसेल तर ते बिघाडच ठरवतो.

वज्राबाईच्या कथेचा जो शेवट परंपरेने जपला तो अर्थपूर्ण आहे. संकट टळल्यावर देवीला निरोप दिला गेला नाही. तिला तेथेच राहण्याची विनंती केली गेली. वज्र पुन्हा येऊ शकते, हे त्या विनंतीत गृहीत होते. आपण मात्र वीज परत आली की संकट संपले असे समजतो, तार कोणती घातली हे विसरतो. मराठीच्या वर्गात शब्दांचे अर्थ शिकवणाऱ्यांनी ‘फ्यूज उडाला’ ह्या वाक्याचा अर्थही एकदा नीट सांगायला हरकत नाही. त्या वाक्यानंतर विचारायचा प्रश्न ‘कोण बदलून देईल?’ हा दुसरा. पहिला प्रश्न ‘कशामुळे?’ हा आहे.